फाटक्या जाळ्याला पाठ नको

आमच्या घरात प्रत्येक गोष्ट आधी ओढून बघितली जायची. ही खोड बाची, म्हणजे माझ्या वडिलांची. ठाण्याच्या खाडीकाठी आमचा कोळीवाडा, आणि अख्ख्या कोळीवाड्यात बाइतकं पक्कं जाळं विणणारा दुसरा नव्हता. त्याचं गुपित एवढंच की गाठ मारली की तो ती दोन हातांनी दोनदा ओढायचा, एकदा हलकी आणि एकदा जोरात. सरकली नाही तर पुढची गाठ. जाळ्यापुरतं हे ठीक होतं, पण हाताला लागलेली सवय जाळ्यापाशी थोडीच थांबते. बाजारातली नवी पिशवी, शेजारच्या बाळाच्या पाळण्याची दोरी, माझ्या वेणीची रिबीन, सगळ्यांना ते दोन हिसके बसायचे. आत्याला बघायला पाहुणे आले तेव्हा बाने नवऱ्यामुलाशी हात मिळवला आणि तोही दोनदा ओढला, असं आय सांगायची. "धरंल," एवढंच बा म्हणाला आणि लग्न ठरलं. आत्याचा संसार पुढे चांगला चालला, त्यामुळे या परीक्षेवर कोणी शंका घेण्याची सोयच उरली नाही.

घर दोन खोल्यांचं, पण ओटा प्रशस्त, कारण त्यावर जाळं पसरलेलं असायचं. बा भिंतीला टेकून बसायचा. जाळ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, उजव्या हातात लाकडी सुई, डाव्या हातात बांबूची पट्टी. सुई पट्टीवर टेकली की टक व्हायचं, मग गाठ, मग दोन हिसके. या तालावर मी पाढे पाठ केले. आतून आयच्या भाकरी थापण्याचा आवाज यायचा आणि तव्यावर भाजलेल्या सुकटीचा वास थेट गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. त्या वासामुळे आमचं घर शोधायला पत्त्याची गरज नसे. आज मी घोडबंदर रोडला एकोणिसाव्या मजल्यावर राहते, सुकट भाजायची तर आधी सगळ्या खिडक्या लावून घेते आणि तरीही सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी नाक मुरडतंच. मुरडू देत. मी भाजते.

आमच्या वाड्यात एक रीत होती. फाटकं जाळं दिसलं की त्याला पाठ दाखवायची नाही. कोणाचंही असो, ओट्यावर असो की होडीत. ज्याचे हात रिकामे असतील त्याने तिथे बसायचं, चार डोळे, म्हणजे जाळ्याची फाटलेली घरं, भरायचे आणि मग आपल्या वाटेने जायचं. त्याला कोणी विचारायचं नाही आणि त्याचे आभारही मानायचे नाहीत. बा आणि समोरचा पांडूकाका कसल्याशा कुंपणावरून कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, पण एकमेकांची जाळी मात्र गुपचूप भरत होते. म्हणून बाच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक छोटी सुई असायची, तिच्यावर निळी नायलॉनची दोरी गुंडाळलेली. लग्नाला जाताना घड्याळ विसरेल, पण सुई विसरणार नाही.

मला मात्र जाळ्यापेक्षा जाळ्याची सावली आवडायची. दुपारी ओट्यावर ती पडली की मी कोळशाने ती जमिनीवर उतरवायचे आणि आय ती शेणाने सारवून टाकायची. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे माझी चिंबोऱ्यांची, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्यांची, भांडणाऱ्या बायकांची चित्रं असायची. बारावी झाली तेव्हा घरातल्या एकवीरा आईच्या तसबिरीमागे दोन फॉर्म खोचलेले होते. एक डीएडचा, कल्याणला मावशीकडे राहून मास्तरीण व्हायचं त्याचा. दुसरा मुंबईच्या चित्रकलेच्या कॉलेजचा. दोन्हींवर बाची सही हवी होती आणि सोमवार शेवटचा दिवस होता. बा कुठल्याच फॉर्मला हात लावत नव्हता. मास्तरीण म्हणजे काय ते त्याला समजत होतं. चित्रकार म्हणजे काय ते समजत नव्हतं, आणि न समजलेल्या गोष्टीवर सही करायची त्याची तयारी नव्हती. "बाय, जालं मासा धरतं," तो म्हणायचा, "चितार काय धरतं ता मना सांग." मी तीन दिवस विचार केला आणि मला सांगता आलं नाही. रडू मात्र भरपूर आलं.

शेवटी मार्ग सांगितला गुप्तेबाईंनी. गुप्तेबाई शाळेत आम्हाला चित्रकला शिकवायच्या, नौपाड्यात राहायच्या आणि आयच्या वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाईक होत्या. मासळी घेताना त्या प्रत्येक पापलेटाकडे अशा बघायच्या की आय म्हणायची, "बाई, घेताव का काढताव?" त्या शुक्रवारी दारात बोंबील निवडता निवडता त्यांनी मला सांगितलं, "कुंदा, वडिलांशी वाद घालू नकोस. वादाने माणूस हरतो, पण त्याला पटत नाही. रविवारी त्यांना मुंबईला घेऊन जा. आधुनिक चित्रांचं संग्रहालय आहे, मी पत्ता देते. काही समजावून सांगू नकोस. नुसतं दाखव." मग आयकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्हीही जा हो. घरात निर्णय कोण घेतं ते मला माहीत आहे." आय लाजली आणि तिने दोन बोंबील वर टाकले.

रविवारी आम्ही मामाच्या बर्फाच्या टेम्पोतून निघालो, कारण त्याला तसंही मुंबईला जायचं होतं. प्रदर्शन म्हणजे काहीतरी समारंभ, अशी आयची समजूत. तिने हिरवं नऊवारी लुगडं, गळ्यात होतं नव्हतं ते सोनं आणि केसांत अबोलीचा गजरा असा थाट केला होता. बाने इस्त्रीचा सदरा घातला आणि खिशावर हात ठेवून सुई चाचपली. मी पंजाबी ड्रेस घालून मधे बसले होते. टेम्पो मासळीच्या वासाने भरलेला, मागे बर्फ खडखडत होता आणि मामा सगळ्या रस्ताभर विचारत होता, "पर त्यांनी चितारा टांगलीत कशापायी? घेयाची नसतील तं बघाची कशापायी?"  

संग्रहालयाच्या दारातच पहिली चकमक झाली. पिशव्या बाहेर ठेवायच्या होत्या. आयच्या पिशवीत डबा होता आणि डब्यापासून वेगळी व्हायला ती तयार नव्हती. दारावरचा रखवालदार जाड मिशांचा होता. त्याने डब्याचा वास घेतला आणि त्याचा चेहरा क्षणभर हळवा झाला. "सुकट?" त्याने विचारलं. "आनि तळलेलं बोईट," आय म्हणाली. "मावशी, मी स्वतः सांभाळतो," तो छातीवर हात ठेवून म्हणाला, आणि डबा त्याच्या टेबलाखाली गेला.

आत थंडगार होतं. पांढऱ्या भिंती, आणि आपलीच चप्पल आपल्याला ऐकू येईल अशी शांतता. त्या शांततेत आयचा आवाज, ज्याला नौपाड्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचायची सवय होती. "या बाईला दोन डोले एकाच अंगाला कशे?" "अगो, हिचा पोट बघ, नववा भरला हिचा." एका मोठ्या काळ्या चित्रापुढे ती बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "ही आवसेची खाडी हाय. बरोबर काढली." खरं सांगायचं तर त्या चित्राबद्दल याहून बरं काही मी नंतर कुठल्या पुस्तकातही वाचलं नाही. पण तेव्हा लोक वळून बघत होते. कॉलेजची मुलं गालात हसत होती. बा एकेका चित्रापुढे हात मागे बांधून, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा उभा राहत होता आणि त्याच्या तोंडावर काही म्हणजे काही उमटत नव्हतं. आणि मला लाज वाटली. लिहायला जड जातं, पण वाटली. मी मुद्दाम एक दालन पुढे गेले, मग दोन. ओळख नसल्यासारखी एका निळ्या चित्रापुढे उभी राहिले आणि आपल्याला सगळं समजतंय असं तोंड केलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मागच्या दालनातून कोणीतरी ओरडलं, "अहो, काय करताय! उठा, उठा तिथून!"  हे आपलेच, हे बघायच्या आधीच मला कळलं होतं.

ते दालन मोठं होतं आणि त्यात एकच वस्तू होती. छतापासून जमिनीपर्यंत सोडलेलं पांढऱ्या सुती दोरीचं एक प्रचंड जाळं. त्याच्या मधोमध माणूस जाईल एवढं भोक, आणि भोकाच्या कडेने सुटलेल्या दोऱ्या लोंबत होत्या. त्या भोकाखाली बा मांडी घालून बसला होता. भोकाची कड खाली ओढून त्याने पायाच्या अंगठ्यात अडकवली होती. समोर आय पदर खोचून, दोन्ही हातांनी जाळं ताणून धरून बसली होती. बाचा हात चालला होता: सुई, गाठ, हिसका, हिसका. अर्धं भोक भरून झालं होतं, पांढऱ्यावर निळं. त्या दालनाचा रखवालदार डोक्याला हात लावून उभा होता, भोवती गर्दी जमली होती, आणि बा मान वर न करता शांतपणे म्हणत होता, "झालाच. आवरतंय. तुमी जावा पुढं."

"कोणाबरोबर आलेत हे?" गर्दीतून एका बाईंनी विचारलं. त्या संग्रहालयातल्याच असाव्यात, गळ्यात ओळखपत्र होतं. मी दारात उभी होते. आयने मला पाहिलं. मी तोंड उघडलं नाही. दोन श्वास, फार तर तीन, पण मी गप्प राहिले, आणि आयने ते ओळखलं आणि माझ्यावरची नजर काढून घेतली, मला मोकळीक दिल्यासारखी. तिने मला रागाने पाहिलं असतं तर कदाचित मी पळून गेले असते. नजर काढून घेतलेली मला सोसवली नाही. "माझ्याबरोबर," मी म्हणाले. आवाज फाटला म्हणून पुन्हा म्हणाले, "माझे आईवडील आहेत."

ते जाळं जिने केलं होतं ती त्या दिवशी तिथेच होती, लोकांशी बोलायला म्हणून. तिला बोलावून आणलं. तिशीच्या आसपासची, बारीक, केस कापलेली, सुती साडी नेसलेली. तिने निळ्या गाठी पाहिल्या आणि तिचे डोळे भरून आले.  "काका," ती म्हणाली, "ते भोक मी केलंय. मुद्दाम. महिनाभर ते हळूहळू उसवत जाणार होतं."

बाची सुई थांबली. "मुद्दाम? जालं कोन मुद्दाम फाडतं?"

"माझ्या गावची नदी आटली," ती म्हणाली. "वर धरण झालं आणि खाली पाणीच आलं नाही. आमच्याकडेही जाळी होती, ती घराघरांत कुजली. मी मोठी होईपर्यंत विणणारं कोणी उरलं नव्हतं. मी पुस्तकात बघून शिकले. म्हणून हे असं. उसवणारं."

 बाने तिची एक पांढरी गाठ दोन बोटांत धरली आणि ओढली. ती सरकन सुटली. "शिकवनारा नव्हता म्हनून," तो म्हणाला. "हां," ती म्हणाली. तिने त्याची एक निळी गाठ धरून ओढली, एकदा हलकी, एकदा जोरात, अगदी त्याच्यासारखी, कारण तिने त्याला ते करताना पाहिलं होतं. गाठ जागची हलली नाही. तिला रडता रडता हसू आलं.

आणि मग बाने जे केलं ते मी त्याला आयुष्यात कधीही करताना पाहिलं नव्हतं. तो आपल्या गाठी सोडायला लागला. सुईचं टोक गाठीत घालून, दाताने धरून, एकेक. बाची गाठ सोडणं बालाही सोपं नव्हतं. आय म्हणाली, "अवो, भरलेला उसवताव? चांगला दिसतं का?" बा म्हणाला, "काम तिचा हाय गो. तिना भोक ठेवलाय तं भोक ऱ्हानार." गर्दी आता हसत नव्हती. ती मघाची कॉलेजची पोरं जमिनीवर बसली होती, रखवालदारही खाली टेकला होता. मीही बाच्या शेजारी बसले आणि नखांनी गाठी सैल करायला लागले. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आलीस?" मी म्हटलं, "आले." शेवटची गाठ राहिली तेव्हा त्या मुलीने त्याचा हात धरला. "ही एक राहू द्या, काका. माझ्या कामात तुमची एक गाठ." बाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग ती गाठ दोनदा ओढली आणि सुई खिशात ठेवली. पुढचा तासभर तो तिला विणायला शिकवत होता आणि ती चुकली की तिच्यावर खेकसत होता, जसा तो माझ्यावर खेकसायचा. मी इतकी खूश होते की मला कोणाकडे बघावं ते सुचत नव्हतं.

जेवायला आम्ही बाहेरच्या पायऱ्यांवर बसलो. आम्ही तिघं, ती मुलगी, बर्फ पोचवून आलेला मामा, आणि सुट्टी घेऊन आलेला रखवालदार, ज्याने डबा सांभाळला खरा, पण झाकण जरा सैल लागलं होतं असं आयचं मत पडलं. तांदळाच्या भाकऱ्या पुरल्या नाहीत. माझी नात मला आता नवनव्या संग्रहालयांत नेते, जिथे वस्तूंना हात लावा असं लिहिलेलं असतं. मी लावते. पण हात लावू नका असं लिहिलेलं असताना ज्याचा हात आपसूक गेला, त्याच्यासारखं बघणं मला अजून साधलेलं नाही.

परत येताना टेम्पोत बर्फ नव्हता, त्यामुळे बरंच शांत होतं. मुलुंड मागे पडल्यावर बा एकदम म्हणाला, "चितारा सगली बघितली. बरी होती. पर मना कुनी हात लावला नाय. त्या भोकाना लावला. ती नदी मी बघितली नाय, तिचा बाप बघितला नाय. पर मना ओढलाच ना." मग म्हणाला, "दोनदा." आयने माझ्या गुडघ्यावर चिमटा काढला. मी खिडकीबाहेर बघत होते, कारण मला रडायचं होतं आणि मामाला ते दाखवायचं नव्हतं.

सोमवारी सकाळी चहा झाल्यावर बाने तसबिरीमागून दोन्ही फॉर्म काढले. डीएडचा घडी घालून आयच्या हातात दिला. "चुलीला," तो म्हणाला. दुसऱ्यावर सावकाश, जीभ दातात धरून सही केली. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग त्याने फॉर्म दोन्ही हातांत धरला. आय ओरडली, "अवो, कागद हाय त्यो!" पण तोवर हलका हिसका बसला होता, आणि मग जोरातला. कोपऱ्यापासून टर्रकन आवाज आला. बा फाटलेल्या कडेकडे बघत राहिला, मग आमच्याकडे, आणि आम्ही तिघंही इतके हसलो की समोरच्या ओट्यावरून पांडूकाकाने, जो आमच्याशी बोलत नव्हता, काय झालं म्हणून विचारलं.

चिकटपट्टी लावून मी तो फॉर्म कॉलेजात घेऊन गेले. खिडकीतल्या कारकुनाने तो उलटसुलट केला. माझ्या मागे लांब रांग होती, नीटनेटक्या कपड्यांतली, इंग्रजी बोलणारी मुलं. "हा कसा काय फाटला?" त्याने जरा मोठ्यानेच विचारलं.

"फाटला नाही," मी त्याच्याहून मोठ्याने म्हणाले. "माझे वडील जाळी विणतात. त्यांनी ओढून बघितला."